मागच्या फाटकाची गाडी

— नाही, नाही, ते गंध पुसू नका सेठ, राहू द्या तसंच. मशीनचा नंबर बघायचाय ना? तो खालीही कोरलेला असतो, जरा वाका, मोबाइलचा उजेड पाडा, दिसेल. पण गंधाला बोट लावू नका. सकाळीच लावलंय, अजून पुरतं वाळलेलं नाही. आणि ती माळ — असू दे हो, माळेने काय अडतंय तुमचं? माळ काढली म्हणून मशीनचा भाव वाढणार आहे का? आधी बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं, इकडे कटिंगच्या टेबलाशी या. तुमच्या हमालांनाही सांगा, मागच्या फाटकाशी कडुलिंब आहे, टेकू दे सावलीला घटकाभर. लुधियानाहून तिरुप्पूरला आलात, दोन रात्री आगगाडीत काढल्यात, आणि एक कॉफी प्यायला वेळ नाही म्हणता? घ्या. हे चुरमुरे-फुटाणे पण घ्या, प्रसादाला नाही म्हणू नये. माझी हिंदी समजतेय ना? बिहारच्या पोरी होत्या इथे कामाला, त्यांच्याकडून शिकले — त्यामुळे शिव्या आणि 'जेवलीस का' एवढं अस्खलित येतं, बाकीचं ओढूनताणून.

काय म्हणालात — माळा कशाला? आज आयुधपूजा ना. तुमच्याकडे दसरा असतो, त्याच्या आदला दिवस. ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. रिक्षावाल्याची रिक्षा, न्हाव्याचा वस्तरा, आमचं मशीन. सकाळी धूळ झटकायची, तेल द्यायचं, गंध-कुंकू लावायचं, माळ घालायची, कापूर लावायचा — आणि एकदा कापूर विझला की उद्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. झोपलंय असं समजायचं. उद्या विजयादशमीला सगळ्या जणी न्हाऊनमाखून येतात, परत कापूर ओवाळतात, मग प्रत्येकीने आपल्या मशीनवर पहिली शिवण घालायची. तोवर हलवायचं नाही, सरकवायचंसुद्धा नाही. — हो, हो, माहितीय मला. मीच बोलावलं तुम्हाला आज. तारीख मीच दिली, फोनवर दोनदा पक्की करून घेतली. विसरले नाही काही.

का दिली? सुट्टी असते म्हणून. पूजा आटोपली की दुपारी सगळ्या घरी जातात, गर्दी नाही, तुमच्या माणसांना उचलायला सोपं. वॉचमनला पण पाठवलं घरी, सणावाराचं पोराबाळांत असावं माणसाने. आणि मागच्या फाटकाने गाडी आणा म्हटलं ते — पुढची गल्ली अरुंद आहे म्हणून. काय? — हो. कंटेनर यायचे पुढून. बरोबर बघितलंत तुम्ही. चांगले लांबलचक कंटेनर यायचे आणि सरळ आत वळायचे. कॉफी गार होतेय तुमची.

तर मी काय सांगत होते — आपापलं मशीन. हे नीट समजून घ्या. मशीन कंपनीचं असतं ते कागदावर. बसायची उशी तिची असते, पायाखालचं फळकूट तिचं असतं, मोटरवर चिकटवलेला मुरुगन देव तिचा असतो. बघा ना, फिरून बघा. सगळीकडे मुरुगन नाहीत हां, त्या रांगेत एक मेरीमाता आहे, आणि खिडकीकडच्या ओव्हरलॉक मशीनवर मक्केचं चित्र आहे, ते रहमतबीचं. ती गंध नाही लावत, अत्तर लावते, माळ मात्र सगळ्यांत जाड तिचीच. वास येतोय ना? पूजेच्या दिवशी ज्याचं त्यानेच सजवायचं. मी मालकीण असले तरी मला दुसरीच्या मशीनला गंध लावायची सोय नाही. एकदा लावलं होतं सरोजाच्या, ती उशिरा आली म्हणून — पुढे महिनाभर सुई तुटली की माझ्याकडे बघायची.

मी? मी काय जन्माला येतानाच मालकीण होते का? मी कांगेयमकडची. आमच्याकडे बैल चांगले निपजतात, बाकी काही उगवत नाही. तेराव्या वर्षी मावशीबरोबर पहिल्या बसने इथे आले, चेट्टियारच्या बनियन कंपनीत. काम काय, तर जमिनीवर बसायचं आणि बनियनचे लोंबते धागे कापायचे. दिवसभर तेच. घरी ताटातल्या भातातही धागा दिसायचा मला. मशीनवर तेव्हा पुरुषच असायचे, बाईने मशीनला शिवायचं नाही असं कोणी म्हणायचं नाही पण बसवायचंही नाही. तर टेलर चहाला गेला की मी बसायचे. सापडले एक दिवस. कटिंग मास्तराने कान धरून उठवलं, माझी शिवण उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला, सरळ आहे म्हणून सोडतो. पुढच्या महिन्यात त्यानेच मला मशीनवर बसवलं. अख्ख्या कंपनीत मशीनवर बसलेली मी एकटी बाई — पोरगी. चांगली कंपनी होती ती. पुढे बंद झाली. — झाली कशीतरी, ते सोडा.

तो मास्तर म्हणजे आमचे हे. नच्चिमुत्तू. त्या दिवशी जो कान धरला तो मरेपर्यंत सोडला नाही. दोन वर्षं झाली आता जाऊन. फोटो तिकडे आहे, ऑफिसात, काळा सदरा घातलेला — आमच्याकडे देव न मानणारे काळा सदरा घालतात. लग्नातही काळाच घातला होता, माझी आई रडली. पूजेच्या दिवशी हे फाटकाबाहेर विडी ओढत उभे राहायचे, आत आरती चाललीय, हे बाहेर. मग सगळं झालं की आत यायचे आणि कोहळा हातात घ्यायचे, दृष्ट काढून फाटकाशी फोडायला. पोरी चिडवायच्या, मास्तर, देव नाही मग दृष्ट कुठून आली? म्हणायचे, देव मी बघितला नाही, पण वाईट नजरेची माणसं रोज बघतो. आणि मशीनवर पाय ठेवलेला त्यांना चालायचा नाही. एका एजंटाने बोलता बोलता बूट टेकवला होता ओव्हरलॉकच्या टेबलावर — ऑर्डर गेली तरी चालेल, पाय खाली घे म्हणाले. ऑर्डर गेली नाही. घाबरला तो.

आम्ही सुरू केलं ते म्हशीच्या गोठ्यात. हसू नका. गोठा भाड्याने घेतला तर मालकाने म्हशीसकट दिला, म्हणाला तिला दुसरीकडे करमत नाही. एका कोपऱ्यात म्हैस, एका कोपऱ्यात आमची दोन मशीनं, मध्ये हे कापायला. पांढरे बनियन करायचो, सेलमला माल जायचा. आमचं लेबल होतं तेव्हा — कोंबडा. यांनीच काढला होता कोंबडा, तुरा जरा मोठाच झालाय. सेलमचा व्यापारी म्हणाला, बाई, तुमच्या बनियनला शेणाचा वास येतो. हे म्हणाले, खरं सूत आहे, खऱ्या सुताला वास असतोच. घेतला त्याने माल. माणूस खोटं इतक्या शांतपणे बोलला तर समोरच्याला ते खरंच वाटतं. मग परदेशी माल सुरू झाला आणि कोंबडा गेला. त्यांचं लेबल लावायचं, त्यांच्या नावाचं. या हातांखालून किती कपडे गेले असतील सेठ, देवाला ठाऊक, आणि त्यांतल्या एकावरही आमचं नाव नाही. वाईट वाटलं का? तेव्हा नाही वाटलं. खोटं कशाला सांगू. तेव्हा पैसा येत होता, पोरगं शिकत होतं, हा पत्रा जाऊन वर स्लॅब पडत होता.

एकदा तर काय झालं — सांगू का? वेळ आहे, तुमचे हमाल झोपलेत बघा. लहान पोरांच्या टी-शर्टांची ऑर्डर आली, छातीवर एक जनावर. शिंगांना फांद्या फुटलेल्या. कोणी बघितलंय असलं जनावर? सरोजा म्हणाली हरीण आहे. पूंगोडी म्हणाली, हरणाचं नाक लाल असतं का, याला सर्दी झालीय. आठ दिवस ते सर्दीचं हरीण शिवत होतो आम्ही, हसून हसून सुया मोडल्या. आणि मग एजंटाचा फोन, नाक दीड बोट खाली पाहिजे. का, तर नमुन्यात खाली आहे. सगळा माल परत काढला, ते नाक उसवून पुन्हा खाली लावलं. कोणी घरी गेलं नाही ते पुरं होईपर्यंत. मी वरण-भात रांधून आणत होते, यांनी कात्री खाली ठेवून नाकं उसवली. माल वेळेवर गेला. तो एजंट नंतर म्हणाला, वेलाक्का, तुमच्या बायका सोनं आहेत. मी म्हटलं, माहितीय.

काय विचारता — मग का विकताय? हे बरं विचारलंत. माझा मुलगापण हेच विचारत नाही, तो सांगतोच. अरिवळगन. कॅनडात असतो. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतो — अम्मा बंद कर, अम्मा दमलीस, अम्मा गुडघे बघ स्वतःचे. तुमचा नंबरही त्यानेच शोधून दिला. सुट्टीत उचलायची युक्तीही त्याचीच — नाही. नाही, ती माझी. त्याच्यावर कशाला ढकलू. आणि दमले हे खरंच आहे. कोणी फसवलं असतं तर निदान भांडले असते. पूर्वी फसवलंय लोकांनी, रंगाईचे कारखाने बंद पडले तेव्हा बुडता बुडता वाचलो, वीज जायची तेव्हा पहाटे उठून शिवलं, सुताचा भाव चढला तेव्हा उधारीवर सूत आणलं, सगळं केलं. यंदा कोणी काही केलं नाही. ऑर्डर आधी लहान झाली, मग उशिरा येऊ लागली, मग एजंट म्हणाला, अक्का, आता मोठ्या कंपन्याच घेतात, एका छपराखाली हजार मशीनं असलेल्या. वाईट माणूस नाही तो. नुसतं संपलं, सेठ. दिव्यातलं तेल संपतं तसं. त्यावर कोणाशी भांडणार?

त्यांना? बायकांना? — सांगणार आहे ना. सांगणार. अजून सांगितलं नाही. म्हणजे विचार असा होता की आज मशीनं गेली, की उद्या सकाळी मी इथे फाटकाशी उभी राहणार, आणि — आणि आत काहीच नसेल. मग सांगायला फार काही उरत नाही. त्यांचं त्यांनाच कळतं. ज्याचं जे देणं आहे ते मी देणारच, पैपैसा देणार, मी काही पळून जाणारी नाही. फक्त ते — मशीन समोर असताना सांगायचं, आणि त्या आपापल्या उशीवर बसलेल्या असताना — ते मला जमणार नाही. म्हणून मागचं फाटक. आता झालं समाधान? कळलं सगळं? घ्या अजून फुटाणे.

अहो, थांबा, कुठे निघालात? — तिकडून सुरुवात करायची? करा म्हणजे, बघा आधी. ते सरोजाचं. चांगलं चालतं, आवाज जरा करतं, सरोजासारखंच. ते — ते कापड काही नाही. चिंध्या आहेत. टाकायच्या राहिल्यात. खाली ठेवू नका. सेठ, घडी मोडू नका तिची.

बरं, चिंध्या नाहीत. बघितलंत ना, सगळ्या मशीनवर अशा घड्या आहेत. वर लेबल आहे, कोंबड्याचं. हो, तेच. एक खोका उरला होता गोठ्यातल्या दिवसांतला, यांनी फेकू दिला नाही. — उद्याच्या पहिल्या शिवणीचं आहे ते. आमच्याकडे अशी रीत पडली आहे, यांनीच पाडली: वर्षाचा पहिला कपडा परदेशात जायचा नाही. प्रत्येकीने तो आपल्या घरच्या माणसाला शिवायचा, कोंबडा लावून. नवऱ्याला बनियन, पोराला चड्डी, बापाला काही. वर्षातला तेवढा एकच कपडा आमच्या नावाचा. आणि तो आदल्या दिवशी मालकाने स्वतः कापून ठेवायचा, मास्तराने नाही, मालकाने. हे होते तोवर हे कापायचे. दोन वर्षं मी कापते. कोणाचा नवरा किती जाड झालाय ते मला कापडावरून माहीत आहे.

कधी कापलं? काल. काल संध्याकाळी, सगळ्या गेल्यावर. — हो, तुम्हाला फोन केल्यानंतर. माल उचलायची गाडी ठरली का विचारलं, तुम्ही हो म्हणालात, मी फोन ठेवला आणि कात्री घेतली. बघू नका माझ्याकडे असे. सवय आहे हाताची. पूजेच्या आदल्या दिवशी हात कापायला लागतात, मी काही ठरवून — मला कापताना लक्षातही आलं नाही, तुम्हाला खोटं वाटेल, पण रहमतचं झालं, सरोजाचं झालं, मग पूंगोडीचं घेतलं. पूंगोडी बाळंतपणाला गेलीय, धारापुरमला, सासरी. पंधरा दिवसांचं पोर आहे. तिच्या मशीनसाठी काय कापायचं, ती तर येणार नाही — म्हणून झबलं कापलं. एवढंसं. हातावर मावलं. आणि ते झबलं हातावर घेऊन उभी असताना मला आठवलं की उद्या इथे मशीनच नाही. खुर्चीत बसले मग. बसून राहिले. मग उठले आणि उरलेली पण कापली, आता अर्धवट काय ठेवायचं.

आणि आज सकाळी काय झालं ते सांगते, मग तुम्ही काय ते ठरवा. मी मनाशी म्हटलं होतं, पूंगोडी नाही, तिचं मशीन बिनमाळेचं राहील, निदान एका मशीनकडे तरी मला बघता येईल. तर आरती सुरू व्हायच्या आत तिची सासू फाटकात. धारापुरमहून, बस बदलून, डोक्यावर पाटीत फुलं. म्हातारी, धाप लागलेली. म्हणाली, सुनेला सोयर आहे, तिने हात लावायचा नाही, म्हणून मला पाठवलंय, तिचं मशीन कोणतं ते दाखवा. मी दाखवलं. मशीन कसं असतं ते तिने जन्मात बघितलेलं नाही, सुई कुठली नि चाक कुठलं तिला काय कळणार, तरी पदराने पुसलं तिने ते, खालून वरून, गाय पुसतात तसं. माळ घातली. मला म्हणाली, वेलाक्का, पोरगी म्हणते अक्काला सांगा, तीन महिन्यांनी येते, तोवर माझ्या जागेवर नवीन पोरगी बसवली तरी चालेल पण उशी बदलू नका. मी म्हटलं, नाही बदलणार. — काय म्हणायला हवं होतं मी? तुम्ही सांगा ना. बायका हसल्या, कोणीतरी तिला सुंडल, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, आणून दिलं. मी कोहळा फोडला. एका दणक्यात फुटला नाही, दोनदा आपटावा लागला. यांचा हात नाही, माझा होता, म्हणून असेल.

मघाशी चेट्टियारची कंपनी बंद झाली म्हटलं ना. कशी झाली ते सोडा म्हटलं. आता सांगते. अशीच आयुधपूजा होती. मी सोळाची. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या मशीनला गंध लावलं होतं, आईने कुंकवाची पुडी बांधून दिली होती घरून, तोवर ते पुरुषांचं असायचं ना सगळं, मला आपलं किती मोठेपण. दुसऱ्या दिवशी न्हाले, केसांत मोगरा माळला, पहिल्या बसने आले. फाटक उघडं. आत शेड रिकामी. जमिनीवर जिथे पाय होते मशीनचे तिथे तेवढ्या जागा पांढऱ्या, बाकी सगळी जमीन तेलाने काळी. आणि माळा — माळा त्यांनी काढून ठेवल्या होत्या. उचलण्याआधी. एका कोपऱ्यात नीट रास करून. उचलणाऱ्यालाही भीती वाटली असेल, नाही? आम्ही सगळे उभे. कोणी ओरडलं नाही, कोणावर ओरडणार. हे पायरीवर बसले होते, मांडीवर कात्री घेऊन. कात्री रोज घरी न्यायचे म्हणून ती वाचली. मी त्या माळांच्या राशीत माझी माळ शोधत होते. वेड्यासारखी. मशीन गेलं त्याचं काही नाही आणि माळ शोधतेय.

पुढे ते मशीन दिसलं मला, जुन्या बाजारात, तुमच्यासारख्याच एकाच्या दुकानात. माझंच. गंध तसंच होतं, वाळून भेगा पडलेलं. तेच मशीन मी विकत घेतलं आणि त्यावर कंपनी उभी केली असं सांगितलं तर गोष्ट झकास होईल, आमचे हे लोकांना तसं सांगायचेही. नाही घेतलं. पैसे कुठले? चार दिवसांनी गेले तर कोणी नेलेलं. चेट्टियारला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. बस स्टँडवर एकदा समोर आला, म्हातारा झालेला, मी तोंड फिरवलं. तो थांबला होता, काहीतरी बोलणार होता. — काल कापड कापताना तो आठवला मला. त्याच्याही हातून काही कापून ठेवलं गेलं असेल का, कोणाला माहीत. विचारायला हवं होतं. आता कुठे विचारणार.

उठा सेठ. नाही, मशीनकडे नाही. उठा, गाडीकडे चला. आज नाही उचलायचं. — शब्द फिरवत नाही मी, रागावू नका, हमालांची आजची मजुरी माझ्याकडून, हॉटेलचंही माझ्याकडून. मशीनं तुमचीच आहेत. माझ्याच्याने आता कंपनी चालत नाही, हे उद्याही खरं असणार आहे आणि परवाही. पण उद्या त्या येतील, आपापल्या उशीवर बसतील, कापून ठेवलंय ते शिवतील. ते होऊ दे. कोंबडा लागू दे. मग मी तिथे, त्या खांबाशी उभी राहून सांगणार. कसं सांगणार ते विचारू नका, मला माहीत नाही. सरोजा ओरडेल. ओरडू दे, तिचा हक्क आहे. रहमत उलट मलाच पाणी आणून देईल, ते जास्त वाईट. कदाचित उठणारच नाहीत मशीनवरून, बसून राहतील दिवस दिवस. राहू देत. मी पण बसेन त्यांच्यात, माझं कुठे काय अडलंय. ज्या दिवशी त्या उठतील त्या दिवशी तुम्हाला फोन करते. आणि ते एक मशीन नाही मिळायचं, कोपऱ्यातलं, पूंगोडीचं. त्याचे पैसे कापून घ्या. तिला मी उशी बदलणार नाही म्हटलंय.

तो कप ठेवा तिथेच, मी विसळते. ते सरोजाचं कापड — आणा इकडे, मी घडी घालते, तुम्हाला नाही जमायची. आणि ड्रायव्हरला उठवा. त्याला म्हणावं, गाडी मागून काढू नको, वळसा घाल आणि पुढच्या गल्लीने ने. हो, बायकांची घरं त्याच गल्लीत आहेत. बघतील त्या. सरोजा तर ओट्यावरच बसलेली असेल फुटाणे खात. बघू दे. रिकामी गाडी बघून आज झोप लागणार नाही तिला — मला कुठे लागणार आहे. जा तुम्ही. पुढचं फाटक जाताना लावू नका. उघडंच राहू दे.